कुंपणाबाहेरचा साक्षीदार

शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर संध्याकाळी बसलेल्या माणसाला, तू येथे काय पाहत बसला आहेस, असे कोणी विचारीत नाही. समोर जाळ्यांमध्ये मुले फलंदाजीचा सराव करीत असतात. त्यांतील एकही मूल त्याच्या ओळखीचे नसते. तरीही तो तासभर थांबतो, एखाद्या पोराने पुढे सरसावून मारलेला फटका डोळ्यांत साठवतो, त्याचा खांदा कोठे चुकतो हे शेजाऱ्याला सांगतो आणि घरी जातो. १९२५ साली लोकांसाठी खुल्या झालेल्या या मैदानाने आता शंभरी ओलांडली आहे. या मैदानाने मुंबईला खेळाडू दिले हे सर्वच सांगतात. त्याने मुंबईला जाणते प्रेक्षक दिले, हे फारसे कोणी सांगत नाही. पाहणे हा नागरिकाचा हक्क आहे आणि नीट पाहणे ही एक विद्या आहे, हे या कट्ट्याने कोणताही गाजावाजा न करता शिकविले.

या कट्ट्यापासून हाकेच्या अंतरावर राहणारा माझा एक विद्यार्थी काही महिन्यांपूर्वी एका रविवारी चार तास पोलीस चौकीत बसून होता. त्याचा अपराध एवढाच, की विमानतळाच्या कुंपणाबाहेर, सार्वजनिक रस्त्याच्या कडेला उभे राहून, उतरणाऱ्या एका प्रवासी विमानाचे छायाचित्र त्याने घेतले. त्याच्यावर गुन्हा नोंदविला गेला नाही. कारण नोंदवावा असा गुन्हा कोणता, हे तेथे कोणालाच ठाऊक नव्हते. त्याच्या वडिलांना बोलावून घेण्यात आले. ते एका कचेरीत कारकून आहेत. आयुष्यात पोलीस चौकीची पायरी ते प्रथमच चढले. त्यांनी हात जोडले, मुलाने पुन्हा असे करणार नाही असे लिहून दिले, कॅमेरा परत मिळाला; मात्र त्यातील सारी छायाचित्रे त्यांच्यादेखत पुसून टाकण्यात आली. सोमवारी तास संपल्यावर तो मुलगा माझ्याकडे आला आणि म्हणाला, "सर, कॅमेरा विकायचा आहे. कोणी घेणारं असलं तर सांगाल?"

हा प्रसंग लहान आहे. वर्तमानपत्रात त्याची बातमी झाली नाही आणि होण्याचे कारणही नव्हते. परंतु अशा लहान प्रसंगांतूनच राज्यसंस्था आणि नागरिक यांच्यातील व्यवहाराची रीत ठरत असते. म्हणून त्याचा विचार थोड्या विस्ताराने करणे अगत्याचे वाटते.

छंद आणि त्याची शिस्त

विमाने टिपण्याचा छंद अनेकांना पोरकट वाटण्याचा संभव आहे. रोज आकाशातून जाणाऱ्या विमानात पाहण्यासारखे ते काय, असा प्रश्न विचारला जातो. परंतु पक्षिनिरीक्षकाला कावळा आणि डोमकावळा जसे एक वाटत नाहीत, तसे या छांदिष्टांना कोणतेही दोन विमान एकसारखे दिसत नाहीत. प्रत्येक नागरी विमानावर त्याचा नोंदणी क्रमांक रंगविलेला असतो. भारतातील विमानांचा क्रमांक 'व्हीटी' या दोन अक्षरांनी सुरू होतो. तारीख, वेळ, नोंदणी क्रमांक, विमानाचा प्रकार, कंपनी, कोणत्या दिशेने उतरले, कोणत्या रंगात होते, या गोष्टी हा छांदिष्ट वहीत लिहितो आणि छायाचित्राची जोड देऊन ती नोंद पक्की करतो. यात चिकाटी लागते, नजर लागते आणि मुख्य म्हणजे खोटे न लिहिण्याचा प्रामाणिकपणा लागतो. आपल्या पदवीच्या वर्गांतून आम्ही अध्यापक जे गुण मुलांच्या अंगी बाणावेत म्हणून धडपडतो, ते गुण हा छंद एका पैचेही अनुदान न घेता शिकवितो.

या छंदाचा इतिहासही बोलका आहे. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनवर जर्मन विमानांचे हल्ले होऊ लागले, तेव्हा येणारे विमान शत्रूचे की आपले, हे नुसत्या आकृतीवरून ओळखू शकणाऱ्या स्वयंसेवकांची फळी त्या देशाला उभारावी लागली. विमाने ओळखण्याचे शिक्षण देणारे 'द एअरोप्लेन स्पॉटर' हे साप्ताहिक जानेवारी १९४१ मध्ये तेथे निघाले. युद्ध संपले, परंतु मान वर करून पाहण्याची आणि वहीत टिपून ठेवण्याची सवय गेली नाही. म्हणजे आज जो छंद राष्ट्राच्या सुरक्षिततेस घातक म्हणून संशयास्पद ठरविला जातो, त्याचा प्रसार मुळात राष्ट्राच्या संरक्षणासाठीच झाला होता.

मुंबईला तर या बाबतीत मोठा वारसा आहे. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन अहमदाबादमार्गे जुहूच्या धावपट्टीवर उतरले आणि भारतीय हवाई वाहतुकीचा आरंभ झाला. ८ जून १९४८ रोजी एअर इंडियाचे 'मलबार प्रिन्सेस' हे विमान मुंबईहून कैरो व जिनिव्हामार्गे लंडनला निघाले. १९७१ मध्ये 'सम्राट अशोक' हे पहिले जंबो जेट आले. आमच्या आधीच्या पिढीतील गिरगाव-दादरची माणसे सांताक्रूझचा विमानतळ पाहावयास सहकुटुंब जात असत. प्रेक्षकांसाठी तेथे सज्जा होता. मुलांना विमान दाखवावयाचे, चहा घ्यावयाचा आणि लोकलने परत यावयाचे, ही राणीच्या बागेसारखीच एक सहल होती. विमानात बसण्याचे भाग्य शंभरांत एकालाही नव्हते. पण विमान पाहण्याचा आनंद सर्वांचा होता. आज विमानात बसणाऱ्यांची संख्या कितीतरी पटींनी वाढली आहे, एकाच मुख्य धावपट्टीवरून २०१८ साली एका दिवसात हजारांहून अधिक विमानांची ये-जा करून दाखविण्याचा विक्रम या शहराने केला आहे. पण तो सज्जा केव्हाच गेला. त्याची जागा कुर्ल्याच्या बाजूच्या जरीमरीच्या टेकडीने आणि रस्त्याच्या कडेने घेतली.

ताळेबंद आणि वही

त्या विद्यार्थ्याची वही मी पाहिली आहे. वर्गात बाजारपेठेची रचना हा विषय चालू असताना त्याने ती मला दाखविली होती. तो शाळेत असल्यापासूनच्या नोंदी तिच्यात आहेत. २ मे २०२३ रोजी 'गो फर्स्ट' या कंपनीने दिवाळखोरीच्या संरक्षणासाठी अर्ज केला आणि दुसऱ्या दिवसापासून तिची उड्डाणे थांबली. या मुलाच्या वहीत त्याआधीच्या आठवड्यांत एकाच रकान्यात पुनःपुन्हा एकच शेरा आढळतो : 'तेच विमान, त्याच जागी.' इंजिनांच्या अडचणीमुळे त्या कंपनीची विमाने जमिनीवर खिळून राहत होती, हे पुढे सर्वांनाच कळले. कंपनीचा ताळेबंद वर्षातून एकदा प्रसिद्ध होतो आणि तो लिहिणाऱ्याचे हितसंबंध त्यात गुंतलेले असतात. विमान मात्र रोज दिसते किंवा दिसत नाही, आणि ते पाहणाऱ्या मुलाचा त्यात काडीचाही स्वार्थ नसतो.

अर्थशास्त्राच्या अभ्यासकाला याचे मोल विशेष वाटावे असे आहे. १९५३ च्या कायद्याने राष्ट्रीयीकृत झालेले हे क्षेत्र १९९४ मध्ये कायद्यानेच खुले झाले. त्या सुमारापासून ईस्ट-वेस्ट, दमानिया, मोदीलुफ्त, सहारा, किंगफिशर, जेट एअरवेज, गो फर्स्ट अशा किती कंपन्या आल्या आणि गेल्या. किंगफिशरची विमाने २०१२ च्या ऑक्टोबरात थांबली, जेटने १७ एप्रिल २०१९ रोजी शेवटचे उड्डाण केले, विस्तारा १२ नोव्हेंबर २०२४ रोजी एअर इंडियात विलीन झाली. हजारो माणसांच्या नोकऱ्या, बँकांची कोट्यवधींची कर्जे आणि प्रवाशांची बुडालेली तिकिटे यांचा हा इतिहास आहे. मुंबईच्या आकाशातून कोणता रंग केव्हा आला व केव्हा नाहीसा झाला, याची सलग दृश्य नोंद कोणत्याही सरकारी दप्तरात मिळावयाची नाही. ती मिळेल या छांदिष्टांच्या संग्रहात. एअर इंडियाच्या अखेरच्या जंबो विमानांपैकी एकाने २२ एप्रिल २०२४ रोजी मुंबई सोडली, तेव्हा उड्डाणानंतर वैमानिकांनी पंख कलते करून शहराचा निरोप घेतला. तो क्षण देशाला दिसला, याचे कारण कॅमेरे रोखून बाहेर उभ्या असलेल्या शौकिनांनी तो टिपला होता.

पुराव्याचे मोल

एखाद्या क्षणाचे चित्र असणे आणि नसणे यांत किती अंतर पडते, याचे उदाहरण आपल्या गिरगावातच आहे. शिवकर बापूजी तळपदे यांनी १८९५ मध्ये चौपाटीवर विमान उडविले, असे सांगितले जाते. मराठी माणसाच्या मनात या कथेला मानाचे स्थान आहे. परंतु त्या घटनेचे छायाचित्र नाही, विश्वासार्ह समकालीन पुरावा नाही. म्हणून सव्वाशेहून अधिक वर्षे एका बाजूस अभिमान आणि दुसऱ्या बाजूस उपहास यांखेरीज आपल्या हाती काही लागलेले नाही. उलट, १७ डिसेंबर १९०३ रोजी अमेरिकेत राइट बंधूंनी बारा सेकंदांचे उड्डाण केले, त्याचे छायाचित्र आहे. ऑरव्हिल राइट यांनी कॅमेरा आधीच रोखून ठेवला होता आणि त्याची कळ दाबली ती किनाऱ्यावरील जीवरक्षक ठाण्याच्या जॉन डॅनिएल्स या साध्या माणसाने. तो व्यावसायिक छायाचित्रकार नव्हता. पण मानवाच्या पहिल्या यांत्रिक उड्डाणाचा सर्वांत भक्कम साक्षीदार तो ठरला.

त्यानंतरच्या काळातही हाच अनुभव आला आहे. २५ जुलै २००० रोजी पॅरिसहून निघालेले काँकॉर्ड विमान पेटत्या अवस्थेत वर चढले आणि कोसळले. ११३ माणसे मरण पावली. ज्वाळांची शेपटी घेऊन वर जाणाऱ्या त्या विमानाचे जे छायाचित्र जगभर छापले गेले, ते विमाने टिपण्यास आलेल्या एका हंगेरियन तरुणाने घेतलेले होते. स्पेनमधील पाल्मा विमानतळावर जानेवारी २००४ मध्ये एका छांदिष्टाने एका अमेरिकन बोइंग विमानाचे छायाचित्र नेहमीच्या सवयीने घेतले. संशयितांना गुपचूप पळवून नेण्यासाठी अमेरिकेची गुप्तचर संघटना जी विमाने वापरीत होती, त्यांतीलच ते एक होते. खालिद अल-मस्री या निरपराध जर्मन नागरिकाला याच विमानाने अफगाणिस्तानात नेण्यात आले होते. अशा चित्रांच्या व नोंदींच्या आधारे त्या विमानांचा माग लागला आणि २०१२ मध्ये युरोपच्या मानवी हक्क न्यायालयाने अल-मस्री यांच्या बाजूने निकाल दिला. बलाढ्य सत्ता जे लपवू पाहत होती, ते कोण्या हेराने नव्हे, तर रविवारची सुट्टी कुंपणापाशी घालविणाऱ्या माणसांनी उघडे केले.

आणि सर्वांत अलीकडचे, सर्वांत जवळचे उदाहरण अहमदाबादचे आहे. १२ जून २०२५ रोजी लंडनला निघालेले एअर इंडियाचे विमान उड्डाणानंतर काही क्षणांतच कोसळले. विमानातील २४२ पैकी २४१ आणि जमिनीवरील १९, असे २६० जीव गेले. विमानतळाजवळच्या एका घराच्या गच्चीवरून सतरा वर्षांचा एक मुलगा विमानांच्या ओढीपायी त्या वेळी चित्रण करीत होता. त्याची ती काही सेकंदांची चित्रफीत जगभरच्या तज्ज्ञांनी पुनःपुन्हा तपासली. पोलिसांनी साक्षीदार म्हणून त्याचा जबाब घेतला आणि तेवढ्यावरून त्याला अटक झाली अशी आवई उठली. शेवटी, अटक झालेली नाही, तो केवळ साक्षीदार आहे, असा खुलासा पोलिसांना करावा लागला. ही आवई का उठली, याचा विचार करावा. विमानाचे चित्र घेतलेल्या मुलाला पोलिसांनी बोलावले म्हणजे त्याला पकडलेच असणार, असे आपण सर्वांनी गृहीत धरले. दोष एकट्या पोलिसांचा नाही. तो आपल्या समाजाच्या मनात रुजलेल्या समजुतीचाही आहे.

भीती खोटी नाही

येथे एक आक्षेप घेतला जाईल आणि तो दुर्लक्षिण्याजोगा नाही. ज्या शहराने २६ नोव्हेंबर २००८ पाहिले, त्याने असे उदार होणे परवडेल काय? त्या हल्ल्यापूर्वी डेव्हिड हेडली हा मनुष्य २००६ ते २००८ या काळात वारंवार मुंबईत येऊन कॅमेऱ्याने ठिकाणांचे चित्रण करून गेला होता. शिवाजी पार्कपासून जवळच असलेल्या शिवसेना भवनाचीही त्याने पाहणी केली होती. तेव्हा कॅमेरा निरुपद्रवी असतो, असे सरसकट विधान दादरच्या माणसाने तरी करू नये. भीती खोटी नाही.

परंतु त्याच उदाहरणाचा अर्थ नीट लावला पाहिजे. हेडली रीतसर परवान्यावर आला, उत्तम हॉटेलांत उतरला, प्रतिष्ठितांशी मैत्री करून राहिला. तो भर रस्त्यावर, भर दुपारी, वही उघडी ठेवून आठवड्यामागून आठवडे एकाच जागी उभा राहिला नाही. ज्याला लपून काही करावयाचे आहे, तो सर्वांना दिसेल अशा ठिकाणी मोठी दुर्बिणीसारखी भिंगे लावून उभा राहत नाही. विमानतळाच्या धावपट्ट्यांची उपग्रहांनी घेतलेली चित्रे घरबसल्या पाहता येतात आणि उडणारे बहुतेक प्रत्येक प्रवासी विमान स्वतःच आपला ठावठिकाणा लहरींवरून जाहीर करीत असते. अशा काळात बाहेरच्या रस्त्यावरून घेतलेल्या चित्राने कोणते गुपित फुटते, हे सांगण्याची जबाबदारी बंदी घालणाऱ्यावर आहे.

लष्करी विमानतळांची गोष्ट वेगळी आहे, हे मान्य केलेच पाहिजे. पुण्याचे लोहगाव हवाई दलाचे आहे, गोव्याचे दाभोळी नौदलाचे आहे. तेथे कडक बंधन असणे रास्त आहे. तरीही ग्रीसमधील एका हवाई तळावर नोव्हेंबर २००१ मध्ये हेरगिरीच्या आरोपावरून पकडलेल्या बारा ब्रिटिश व दोन डच छांदिष्टांना तेथील वरिष्ठ न्यायालयाने वर्षभरानंतर दोषमुक्त केले, हेही लक्षात ठेवण्यासारखे आहे. मुंबईचा विमानतळ तर नागरी आहे. लष्करी तळाचा धाक नागरी विमानतळाच्या बाहेरील रस्त्याला लावणे म्हणजे किल्ल्याचा नियम बाजारपेठेला लावण्यासारखे आहे.

कायदा काय म्हणत होता, हेही पाहण्याजोगे आहे. १९३७ च्या विमान नियमावलीतील तेराव्या नियमाने सरकारी विमानतळावर किंवा उडत्या विमानातून लेखी परवानगीशिवाय छायाचित्र घेण्यास मनाई केली. त्याचे शब्द विमानतळावर आणि विमानातून एवढ्यापुरते होते. बाहेरच्या रस्त्यावर उभ्या असलेल्या माणसाचा त्यात उल्लेख नव्हता. पुढे २००४ मध्ये प्रवाशांना विमानातून छायाचित्रे घेण्यास मोकळीक मिळाली आणि २०२० मध्ये तिचा पुन्हा खुलासा करण्यात आला. म्हणजे ज्याने तिकीट काढले आहे, तो खिडकीशी बसून धावपट्टी, विमाने, विमानतळाची इमारत यांचे हवे तितके चित्रण करू शकतो. पण ज्याच्या बापाची तिकीट काढण्याची ऐपत नाही, तो मुलगा तेच दृश्य रस्त्यावरून टिपतो तेव्हा संशयित ठरतो. हा सुरक्षिततेचा निकष आहे की ऐपतीचा, असा प्रश्न कोणाच्याही मनात यावा. १९३४ चा जुना विमान कायदा जाऊन भारतीय वायुयान अधिनियम १ जानेवारी २०२५ पासून अमलात आला आहे. कायद्याचे नाव बदलले. आता रस्त्यावरचा व्यवहारही स्पष्ट व्हावयास हवा.

संशयाचा खर्च कोण भरतो?

त्या चौकीतील अंमलदार दुष्ट होता, असे मला वाटत नाही. त्याच्या जागी आपल्यातील कोणीही असता तर बहुधा तसाच वागला असता. याचे कारण स्वभावात नसून हिशेबात आहे. कॅमेरावाल्या मुलाला त्याने सोडून दिले आणि पुढे काही विपरीत घडले, तर त्याची नोकरी जाईल. उलट त्याने शंभर निरपराध मुलांना अडविले, त्यांची चित्रे पुसली, त्यांच्या बापांना हात जोडावयास लावले, तर त्याला कोणीही जाब विचारणार नाही. सोडण्याची चूक महाग आणि अडविण्याची चूक फुकट, अशी जेथे व्यवस्था असते, तेथे अडवणूकच होत राहणार. त्यासाठी वाईट माणसांची गरज लागत नाही. जी वस्तू फुकट मिळते तिची उधळपट्टी होते, हा अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाचा धडा संशयालाही लागू पडतो.

आणि तो संशय फुकट असतो तो केवळ करणाऱ्याला. त्याची किंमत दुसरे कोणी तरी भरीत असते. त्या मुलाने ती भरली. वहीच्या शेजारी असावयाची कित्येक चित्रे कायमची गेली. त्याच्या वडिलांनी ती भरली. आयुष्यभर सरळ मार्गाने चाललेल्या माणसाला मुलाच्या छंदाची लाज वाटू लागली. आणि थोडी किंमत आपण सर्वांनी भरली. कारण ज्या शहरातील तरुण मान वर करून पाहण्यास भितात, त्या शहरात उद्या काही विपरीत घडले तर साक्ष देण्यास कोणी उरणार नाही.

चित्रे पुसण्याच्या प्रकाराविषयी तर स्पष्टच बोलले पाहिजे. ते चित्र गुन्ह्याचा पुरावा असेल, तर ते पुसणे म्हणजे पुरावा नष्ट करणे होय. तो पुरावा नसेल, तर ते पुसण्याचा अधिकार कोणालाच नाही. तिसरी शक्यता संभवत नाही. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने झडती व जप्ती यांचे दृकश्राव्य चित्रण करण्याचे बंधन पोलिसांवर घातले आहे. जो कायदा पोलिसांच्या कृतीचेही चित्र असावे असे म्हणतो, त्याच्या छायेत नागरिकाने घेतलेले चित्र बोटाच्या एका दाबाने पुसले जावे, ही विसंगती आहे.

काय करता येईल?

उपाय मोठ्या खर्चाचे नाहीत. पहिली गोष्ट, विमानतळाच्या भोवतालच्या रस्त्यांवर काय करण्यास मनाई आहे आणि काय करण्यास नाही, याचा स्वच्छ मराठीतील फलक कुंपणावर आणि जवळच्या प्रत्येक पोलीस ठाण्यात लागला पाहिजे. नियम लिहिलेला असला म्हणजे मुलाला जसे संरक्षण मिळते, तसे अंमलदारालाही मिळते. मुलाला जाऊ दिल्याबद्दल उद्या त्याला कोणी धारेवर धरू शकत नाही. दुसरी गोष्ट, कोणास अडविलेच तर त्याचे कारण लेखी दिले पाहिजे. एवढ्या एका कागदाने अडविण्याची चूक फुकट राहणार नाही. तिसरी गोष्ट, नियमित येणाऱ्या छांदिष्टांची नोंदणी करून त्यांना ओळखपत्र द्यावे. कॅनडात ओटावासारख्या शहरांत अशा छांदिष्टांचीच 'एअरपोर्ट वॉच' पथके उभी राहिली आहेत. कुंपणापाशी काही वावगे दिसले तर तीच पोलिसांना कळवितात. ज्याला त्या जागेचा कोपरा न् कोपरा पाठ आहे, त्याच्यापेक्षा चांगला पहारेकरी शोधून मिळणार नाही.

चौथी गोष्ट जुनीच आहे : प्रेक्षकांचा सज्जा. मँचेस्टरच्या विमानतळाने धावपट्टीलगत लोकांसाठी खास उद्यान राखले आहे. तेथे निवृत्त काँकॉर्ड उभे आहे आणि शाळांच्या सहली येतात. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी नवी मुंबईच्या विमानतळाचे उद्घाटन झाले. तेथे अजून बरेच बांधकाम व्हावयाचे आहे. दुकानांसाठी, उपाहारगृहांसाठी, वाहनतळांसाठी जागा राखताना, तिकीट नसलेल्या माणसाला विमान पाहता येईल एवढी एक गच्ची राखणे अशक्य नाही. हवे तर तिला दहा-वीस रुपयांचे शुल्क लावावे. एकाने विमान पाहिल्याने दुसऱ्याच्या वाट्याचे विमान कमी होत नाही. अर्थशास्त्रात ज्याला सार्वजनिक वस्तू म्हणतात, तिचे याहून सोपे उदाहरण मला वर्गात देता येत नाही. आणि ज्या जमिनीवर हे विमानतळ उभे आहेत ती शेवटी लोकांचीच होती, याची आठवण ठेवण्याचा तो एक सभ्य मार्गही होईल.

त्या विद्यार्थ्याचा कॅमेरा मी विकू दिला नाही. परंतु तो पुन्हा जरीमरीला गेलेला नाही, आणि जा असे सांगण्याचे धैर्य मलाही झालेले नाही; कारण पुन्हा चौकीत बसावे लागले तर ते त्याला आणि त्याच्या वडिलांना, मला नव्हे. हल्ली तो संध्याकाळी शिवाजी पार्कच्या मागे दादरच्या चौपाटीवर येऊन बसतो. हवा स्वच्छ असली की वांद्र्याच्या पलीकडून समुद्रावर झेपावणारी विमाने तेथून दिसतात. इतक्या लांबून नोंदणी क्रमांक वाचता येत नाही. वहीत तो तारीख लिहितो, वेळ लिहितो, विमानाचा प्रकार अंदाजाने लिहितो आणि क्रमांकाचा रकाना कोरा सोडतो.

परवा त्याने ती वही मला दाखविली. कोऱ्या रकान्याविषयी मी काही विचारले नाही. तो पुन्हा भरू लागावा यासाठी एक लिहिलेला नियम आणि एक गच्ची, याहून अधिक काही लागणार नाही.